‘ॲश्युअर’ आणि चिमूटभर भंडारा

आमच्या कचेरीतल्या टाइपरायटरचा ‘एस’ सगळ्यांत आधी झिजला. सांगलीहून दुरुस्तीला येणारा माणूस मशीन उलटं करून बघायचा आणि दर वेळी विचारायचा, "निकम, एवढा एस कशाला बडवता हो?" मी म्हणायचो, "सरकार लोकांना खात्री देतंय, त्याला मी काय करू?" ‘ॲश्युअर’ या इंग्रजी शब्दात दोन एस आहेत, आणि लढाईच्या त्या वर्षांत हा शब्द नसलेलं पत्र आमच्या कचेरीतून क्वचितच बाहेर पडलं. पुढं जन्मभर मी कारकुनीच केली. पण नोकरीबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी जे आहे ते या एका शब्दाभोवतीच आहे, म्हणून बढत्या आणि बदल्या सोडून तेवढंच सांगतो.

कचेरी साताऱ्याला होती. लढाईवर गेलेल्यांच्या घरच्यांची विचारपूस करायला उघडलेली. आमच्या भागात तेव्हा घरटी एक माणूस फौजेत. फौजेचं पत्र यायचं इंग्रजीत, आणि ते ज्यांना यायचं त्यांना मराठी अक्षरंसुद्धा ठाऊक नसायची. दोघांच्या मधे एक गजांची खिडकी आणि खिडकीआड मी. पत्र वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांचं म्हणणं ऐकून इंग्रजीत वर पाठवायचं, एवढाच हा धंदा. इंग्रजी वाचतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी आयुष्यात एका पोराला पाढे शिकवलेले नाहीत.

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब शब्दांच्या बाबतीत महाचिकट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा मसुदा लाल शाईनं रंगवला आणि मला समोर उभं केलं. "अहो निकम, इन्शुअर मालाचा करतात. आगीचा, बोटीचा. एन्शुअर म्हणजे काम स्वतः तडीस नेणं. आणि ॲश्युअर माणसाला करतात. त्याच्या मनातली धास्ती काढून आपल्या शिरावर घ्यायची, असा त्याचा अर्थ. समोर माणूस नसेल तर हा शब्द वापरू नये." मी छापील नमुना पुढं केला. त्यात नावाच्या जागी टिंबं होती आणि खाली ‘आपण खात्री बाळगावी’ असं इंग्रजीत होतं. "मग इथं समोर कोण आहे?" भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते छापील आहे. छापील गोष्टीला अर्थ विचारत बसू नये." मी तरुण होतो, मला ते पटलंही.

या शब्दाचा एक भक्त मात्र आमच्याकडे होता. खंडाळ्याकडचे एक पेन्शनर हवालदार. मुलगा इराकात. पत्र आलं की बुटांचा खाडकन आवाज करून खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "मजकूर ऱ्हाऊ द्या. आदी त्यो शबूद हाय का बगा." मी बोटानं दाखवायचो. मग ते त्या शब्दावर आपलं बोट ठेवायचे, वाचता येत नसताना दोन वेळा बघायचे आणि निम्मं पत्र ऐकायच्या आत घरी निघायचे. एकदा पत्रात तो शब्दच नव्हता. मी सरळ दुसऱ्याच शब्दावर त्यांचं बोट टेकवलं. ते खूश होऊन गेले, मुलगाही पुढं सुखरूप आला, पण त्या लबाडीची मला अजून लाज वाटते.

आणि एकदा तर लबाडीही नव्हती, नुसती सैल जीभ होती. कोरेगावकडची एक आई मुलाचं पत्र घेऊन आली. "बरा हाय न्हवं माजा?" तिनं विचारलं. पत्र दोन महिन्यांपूर्वीचं होतं. मी म्हणालो, "अगदी बरा आहे, निर्धास्त जा." ती हसत गेली. तिच्या मुलाची वाईट तार त्याआधीच निघालेली होती आणि चार दिवसांनी ती माझ्याच टेबलावर आली. ती बाई परत कधी खिडकीशी आली नाही, आणि मी तिला काय सांगितलं असतं ते मलाही ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी ‘निर्धास्त’ हा शब्द तोंडातून काढायचं सोडलं.

त्यानंतर काही दिवसांनी माण तालुक्यातली धनगर मंडळी आली. पुढं एक दांडगा म्हातारा, खांद्यावर घोंगडं, त्याचं नाव बाळाप्पा. त्याच्या मागं त्याची भावजय ठकूबाई आणि तिची सून हौसा. हौसा असेल सतरा-अठराची. ठकूबाईचा एकुलता एक मुलगा बिरा मलायात लढायला गेला होता. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं थांबली. आता कागद आला होता. बिरा ‘बेपत्ता’.

बाहेरच्या माणसाला हा शब्द नीट कळत नाही, म्हणून सांगतो. मेला असं कळलं तर घरचे रडून मोकळे होतात. कैदेत आहे म्हटलं तर आशा धरतात. बेपत्ता म्हणजे दोन्हीपैकी काहीच करता येत नाही. मी हलक्या आवाजात कागद वाचला आणि शेवटची ओळ मराठीत सांगितली, "काही कळताच आपणांस त्वरित कळवण्यात येईल, अशी खात्री बाळगावी."

"आसं कोन म्हंतंय?" ठकूबाईनं विचारलं.

"सरकार."

"सरकार म्हंजी मानूस कोन? नाव काय त्येचं?"

मी सही बघितली. कोंबडीनं पायानं माती उकरावी तशी ती सही. "ते वाचता येत नाही, मावशी."

"मंग ल्हिताना त्येनं भंडारा तरी उचलला हुता का?"

मला हसू आलं. भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. आमच्याकडे शपथ घ्यायची तर ती तळहातावर घेऊन बोलतात, आणि धनगर माणूस ती हातात घेऊन एकदा बोलला की जीव गेला तरी मागं फिरत नाही. दिल्लीतला कुणी साहेब टेबलावर हळद घेऊन बसलाय, असं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी हसलो. हौसा मात्र हसली नाही. ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती गजांपाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी उचला."

मी गडबडलो. कोरेगावची आई मला आठवली. "बाई, तो जिवंत आहे असं मी कसं सांगू? मला ठाऊक नाही."

"जित्ता हाय आसं म्हना, आसं मी कुटं म्हंते? बरं आसंल न्हाई तर वाईट आसंल, कळलं की तुमी सोता मला येऊन सांगायचं. दुसऱ्याच्या हाती धाडायचं न्हाई. एवढंच."

"पण पत्र गावी येईलच की."

"कागद गावात आला की आदी बाप्यं वाचवून घेत्यात," ती म्हणाली, बाळाप्पा शेजारी उभा असताना. "मंग बायांना जेवडं सांगायचं त्येवडं सांगत्यात."

बाळाप्पानं खाली बघितलं, पण नाही म्हणाला नाही. त्याला वाईट माणूस ठरवायचं कारण नाही. तो खिडकीशी मला हळूच म्हणाला, "मास्तर, पोर तरनी हाय. किती दीस बसवून ठेवायची? पंचांनी चार दिवाळ्या दिल्यात. त्येच्यानंतर सट आली की तिचा दुसरीकडं पाट लावायचा." म्हणजे दुसरं लग्न. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी ही आमच्याकडची सट. चौथ्या दिवाळीनंतरच्या सटीपर्यंत बिराची बातमी आली तर हौसा त्याची, नाही तर ती दुसऱ्या घरची होणार. हौसाला हे ठाऊक होतं आणि तिला बिराच हवा होता. त्याच्यासाठी थांबायची तिची तयारी होती, फक्त त्याच्याबद्दल कुणी तिच्यापासून काही दडवू नये एवढंच तिचं मागणं होतं.

ठकूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. मी गजांतून हात बाहेर काढला. तळहातावर हळद पडली आणि मी बोललो, "बातमी आली की, बरी असो वाईट असो, मी स्वतः हौसाबाईच्या दारात येऊन तिला आधी सांगीन." ‘दारात’ म्हटल्यावर बाळाप्पाच्या मिशीत काहीतरी हललं. मला ते तेव्हा कळलं नाही.

हळद थोडी आवक-जावक रजिस्टरावर सांडली. भाऊसाहेब मागून कडाडले, "अहो निकम, सरकारी दफ्तर आहे का देवघर?" मी फडक्यानं पुसली, तर डाग आणखी पसरला.

पुढची तीन वर्षं हौसा वर्षातून दोनदा यायची, पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमाराला. बातमी आहे का, असं तिनं कधी विचारलं नाही. गजाला धरून विचारायची, "भंडारा ध्यानात हाय न्हवं?" मी म्हणायचो, "हाय." की ती निघाली. एवढ्या बोलण्यासाठी ती दोन दिवस चालत यायची. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. रोज पन्नास जणांना छापील खात्री देणारा माणूस मी, पण माझी स्वतःची खात्री फक्त एका बाईपाशी अडकलेली होती.

लढाई संपली. सुटलेल्या कैद्यांच्या याद्या येऊ लागल्या. चौथी दिवाळी गेली. बिराचं नाव कुठं नव्हतं. आणि सटीला चार दिवस राहिले असताना एका लिफाफ्यात तो निघाला. नंबर तोच, गाव तेच. जपान्यांच्या कैदेतून सुटका, सध्या इस्पितळात, प्रकृती सुधारत आहे, बोट मिळताच घरी पाठवण्यात येईल. मी कागद तीनदा वाचला आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडलो. लपवून काय करायचंय आता.

भाऊसाहेब म्हणाले, "उत्तम. गावाच्या पत्त्यावर तार करा."

"आणि सटीच्या आत मिळाली नाही तर? मी स्वतः जायचं कबूल केलंय."

"कळवणं आपलं काम. पोचवणं टपालखात्याचं."

मी आवक-जावक रजिस्टर उघडलं आणि ते जुनं पान त्यांच्यापुढं ठेवलं. डाग फिकट झाला होता पण गेला नव्हता. भाऊसाहेबांनी त्या पिवळ्या डागावर बोट घासून बघितलं. मग म्हणाले, "रजेच्या अर्जात कारण काय लिहिणार?" मी इंग्रजीत लिहिलं, ‘दिलेली खात्री पाळण्यासाठी’. त्यांनी माझ्या सवयीप्रमाणे चुकलेला एक स्वल्पविराम खोडला आणि सही केली.

पहिल्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं दहिवडी गाठली आणि तिथून चालत त्यांचं गाव. बघतो तर त्या आळीतली खोपटी बंद. एक अधू म्हातारा तेवढा उन्हाला बसला होता. मी म्हटलं, "हौसाबाईचं घर कोणतं?" तो म्हणाला, "आवं, समदा वाडा दिवाळीनंतर उटला की. मेंढरं घिऊन किस्नाकाठाला गेल्याती. आता जेठापातूर हितं कोन याचं न्हाई."

वाडा म्हणजे धनगरांचा फिरता तळ. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ज्यांचं घरदार निम्मं वर्ष घोड्यांच्या पाठीवर असतं, त्यांना मी ‘दारात येऊन सांगीन’ म्हणून हळद उचलली होती. जन्म साताऱ्यात गेला, धनगरांचे कळप रस्त्यानं जाताना शंभरदा बघितले, आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्या कारकुनी डोक्यात आली नव्हती. बाळाप्पाची मिशी का हलली ते आता समजलं. म्हाताऱ्याला विचारलं, शोधू कसं? "आष्ट्याच्या आंगाला जावा. कुनाच्या रानात मेंढरं बसल्यात त्ये इचारत सुटायचं. उटलेल्या रानात लेंड्या बगायच्या. ओल्या दिसल्या की वाडा लांब न्हाई."

दुसरा दिवस सांगली गाठण्यात गेला. तिसऱ्या दिवशी आष्ट्याच्या शिवारात मी रानोमाळ लेंड्या तपासत फिरत होतो. मॅट्रिक पास, कोट-टोपी घातलेला सरकारी माणूस, आणि वाकून लेंडी चिमटीत धरून ओली का वाळकी ते बघतोय. पीक निघालं की शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, दोन दिवसांनी कळप पुढच्या रानात. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "परवा हुती, उटली." दुसरा म्हणायचा, "काल सकाळच्यालाच गेली." संध्याकाळी एका उसवाल्या शेतकऱ्यानं मला हटकलं, "काय हुडकताय, रावसाब?" मी सगळं सांगितलं. त्याचा थोरला मुलगाही फौजेत होता. त्यानं जेवू घातलं, ओसरीवर निजवलं आणि सकाळी स्वतःच्या बैलगाडीत घालून नदीकाठच्या मळीच्या रानाकडं नेलं. "धाव गड्या," असं बैलाला म्हणत होता, पण मला वाटलं मलाच म्हणतोय.

तो सटीचा दिवस. ऊन चांगलं वर आलं होतं. लांबून मेंढरं दिसली, मग घोडी, मग घोंगड्यांवर बसलेले फेटेवाले. पाहुणे आलेले होते. ताटात हळदकुंकू मांडलेलं होतं. कुत्री माझ्या अंगावर धावली आणि बाळाप्पा उठून उभा राहिला. मला बघून त्याच्या हातातली तंबाखू खाली पडली. "या मास्तर, पानी घ्या आदी," तो म्हणाला.

घसा कोरडा पडला होता, तरी मी म्हणालो, "अप्पा, आधी हौसाबाई."

ती कळपापाशी होती. मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. तिच्या मोकळ्या ठेवलेल्या तोंडाशी ती एका कोकराला धरून बसली होती, अंगावर नवं लुगडं. मी जवळ गेलो. काय काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तिनं कोकरू सोडलं आणि जाळीच्या त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ह्येच आमचं दार," ती म्हणाली. "बोला."

"बिरा जिवंत आहे. घरी येतोय."

ती हलली नाही. "कागद वाचा," म्हणाली. मी सगळा कागद वाचला, नंबरासकट. ठकूबाई धावत आली होती, ती मटकन खाली बसून मातीवर हात फिरवायला लागली. मी शेवटची ओळ सांगितली, "त्यास सुखरूप घरी पाठवण्यात येईल, अशी खात्री बाळगावी."

ठकूबाईनं डोळे पुसले आणि पुन्हा तेच विचारलं, "ह्ये कोन म्हंतंय?"

"सरकारच, मावशी."

"आन तुमी?" तिचा हात कनवटीला गेला. इस्पितळ, बोट, समुद्र, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. तरी मी हात पुढं केला. हौसानं सासूचा हात मधेच धरला.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "त्येनी हितवर चालत आल्यात. आता त्येंच्या नुसत्या तोंडानं भागंल." आणि मग ती रडली, मोठ्यानं, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, लाजली नाही.

बाळाप्पा पाहुण्यांकडे गेला. "पाव्हनं," तो म्हणाला, "सोयरीक ऱ्हायली. पर सटीचं जेवान तयार हाय, बसा." त्यांच्यातला एक जण उठून माझ्याशी हस्तांदोलन करून गेला, तो बहुधा नवरदेवच असावा. नंतर भाकरी खाताना मी बाळाप्पाला विचारलं, "तेव्हाच का सांगितलं नाहीत, की तुमचं दार एका जागी नसतं म्हणून?" तो म्हणाला, "आमी म्हनलं बगू, सरकारी मानसाचा शबूद कुटवर चालतोय."

कचेरीत परतलो तेव्हा भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बूट बदला, वास येतोय." पण त्यानंतर एक गोष्ट घडू लागली. माझ्या मसुद्यात ‘ॲश्युअर’ आला की ते मान वर न करता विचारायचे, "कोण जाणार?" मी किंवा आणखी कुणी जाणारा असेल तर सही करायचे. नसेल तर लाल शाईनं तो शब्द उडवायचे. टाइपरायटरचा नवा एस बरीच वर्षं टिकला.

पाऊस तोंडावर आला असताना एका सकाळी खिडकीशी ओळखीचा हात दिसला. हौसा होती. तिच्या मागं एक हडकुळा माणूस, फौजी कोट अंगावर लोंबणारा, केस पांढरे झालेले. वय माझ्याएवढंच असेल. तो बिरा. त्यानं गजांतून हात आत घातला, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हौसानं नेहमीसारखा गज धरला.

"भंडारा ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

"आता इसरा," ती म्हणाली.